ऑटिस्टिक तरुणासाठी नोकरी: कामाच्या नावाआधी कामाची जागा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा 24 वर्षांचा, बी.कॉम. झालेला; ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान 19व्या वर्षी झालं. इतवारीतल्या हार्डवेअरच्या एका दुकानात तो हिशेब लिहायला लागला आणि आठ महिन्यांनी एक दिवस जायचाच थांबला. मग एका कॉल सेंटरमध्ये तीन आठवडे टिकला. सध्या घरी आहे. नागपुरात त्याला झेपेल असं काम कोणतं, आणि तसं नसेलच तर घराच्या समोरच्या खोलीत किराणा दुकान टाकून द्यावं का, असं त्याच्या आईने विचारलं आहे.

ताई, मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे. ऑटिस्टिक प्रौढांना काम मिळवून देणं आणि मिळालेल्या कामावर टिकवणं यातच माझी बरीच वर्षं गेली. ‘कोणतं काम’ याचं उत्तर देते, पण थोडं पुढे. कारण तुम्हीच लिहिलं आहे की दुकानातल्या आठ महिन्यांत त्याच्या हिशेबात एका रुपयाचा फरक आला नाही. म्हणजे काम त्याला येत होतं. झेपलं नाही ते बाकीचं: गल्ल्याला लागून टेबल, समोर गिऱ्हाइकं, दाराबाहेर हमाल आणि हॉर्न, आणि दोन भाऊ मालक, एकाने सांगितलेलं काम दुसरा अर्ध्यात थांबवणार. कॉल सेंटरची गोष्ट वेगळी. तिथे कामच त्याच्यासाठी चुकीचं होतं. अनोळखी, आधीच वैतागलेल्या माणसाशी बोलायचं, त्याचा रोख नुसत्या आवाजावरून ओळखायचा आणि तेवढ्यात स्क्रीनवर टाइपही करायचं. या दोन्ही नोकऱ्यांवर ‘हा कुठे टिकत नाही’ असा एकच शिक्का मारू नका. घरातल्या घरातही नका म्हणू, तो ऐकत असतो.

जागा बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा आवाज ऐका. आवाज, उजेड, वास, स्पर्श यांची जाणीव अनेक ऑटिस्टिक माणसांना फार तीव्र होते, काहींना उलट फार कमी होते. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तर हा ऑटिझमच्या निकषांचाच भाग झाला. त्यामुळे ‘होईल हळूहळू सवय’ म्हणून सोडून देण्यासारखी ही बाब नाही. बहुतेकांना सवय होत नाही. ते सोसत राहतात आणि सोसण्याची ताकद संपली की एके सकाळी अंथरुणातून उठत नाहीत.

आपल्या नागपुरात यात कूलरचा मोठा वाटा आहे. डिसेंबरात शांत वाटलेलं ऑफिस एप्रिलमध्ये ओळखू येत नाही. खिडकीत लोखंडी कूलर, त्याची घरघर, पंपाचं पाणी, ओल्या ताटीचा वास, आणि त्या आवाजावर आपलं म्हणणं पोचावं म्हणून प्रत्येक जण मोठ्याने बोलतो. मे महिन्यात पारा 45च्या वर असताना कूलर बंद करा असं कोणाला म्हणता येत नाही. म्हणून थंडीत जागा पसंत पडली तरी विचारून ठेवा: उन्हाळ्यात कूलर कुठे लागतो, याचं टेबल त्या झोतातून बाजूला करता येईल का, कानात इअरप्लग घातलेले चालतील का. कारखान्यात फोर्कलिफ्ट किंवा गाड्या फिरत असतील तर इअरप्लगचं तिथल्या सुरक्षा बघणाऱ्या माणसाला विचारूनच ठरवा. लुकलुकणारी ट्यूबलाइट, स्वच्छतागृहाच्या दाराशी दिलेली खुर्ची, गणवेशाचं टोचणारं कापड या गोष्टी ऐकायला क्षुल्लक वाटतात. त्या दुरुस्तही चटकन होतात, फक्त कोणीतरी बोललं पाहिजे.

पण आवाजापेक्षाही मी जास्त बघते ते हे की काम सांगणार कोण, आणि सांगणार कसं. नोकरी टिकेल की नाही हे सगळ्यात जास्त त्या एका माणसावर ठरतं.

गंजीपेठेत औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे एक तरुण परत आलेला माल तपासतो. दुकानांकडून एक्सपायरी झालेली, फुटलेली, चुकून गेलेली औषधं परत येतात. प्रत्येक स्ट्रिपवरचा बॅच नंबर, तारीख आणि नग बिलाशी ताडून कंपनीवार ढीग लावायचे. अक्षरं बारीक, काम एकसारखं, आणि नोंद चुकली तर कंपनीकडून पैसे अडकतात. तो यात तरबेज आहे. तरी दुसऱ्या महिन्यात मालकांचा फोन आला, ‘मॅडम, पोरगा हुशार आहे, पण सांगितलेलं ऐकून नाही राहिला.’ मी अर्धा दिवस तिथे बसून बघितलं. मालक जाता जाता म्हणत, ‘ते खोकं जरा बघून घे.’ कोणतं खोकं, बघून काय करायचं, आत्ता की नंतर, हातातलं संपवून की सोडून, यातलं काहीच त्या वाक्यात नव्हतं. पोरगा हातात स्ट्रिप धरून तसाच उभा राहायचा आणि मालकांना वाटायचं, हा उर्मटपणा करतो. मग त्याचं टेबल फोनजवळून हलवून भिंतीकडे तोंड करून लावलं. काम फक्त मुनीमजी सांगतील असं ठरलं. आणि मध्येच काही आलं तर चिठ्ठी: ‘निळं खोकं. सगळ्या स्ट्रिपच्या तारखा. आत्ताचा ढीग संपल्यावर. झालं की चिठ्ठी माझ्या टेबलावर.’ यात मालकांचा एक रुपया गेला नाही. आता तिथली इतर मुलंही चिठ्ठी मागतात, कारण ‘जरा बघून घे’ हे त्यांनाही कधी नीट कळत नव्हतं.

म्हणून मालकाला किंवा मॅनेजरला विचारायचे प्रश्न असे: याला काम कोण सांगेल? तो माणूस रजेवर असेल त्या दिवशी कोण? चूक झाली तर कशी सांगाल, सगळ्यांसमोर की बाजूला घेऊन? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 1972 पासून चालणाऱ्या ‘टीच’ कार्यक्रमाने ऑटिस्टिक माणसाच्या कामाची मांडणी चार प्रश्नांवर केली आहे: काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळेल, आणि मग पुढे काय. ज्या जागी या चारांची उत्तरं सकाळी नऊ वाजता देता येतात ती जागा चांगली. जिथे मालक हसून म्हणतो ‘आमच्याकडे काही फिक्स नसतं, येईल ते करायचं,’ तिथून चहा पिऊन निघून या, पगार कितीही असो.

जेवणाच्या सुट्टीबद्दल कोणी विचारत नाही, पण कितीतरी नोकऱ्या तिथेच बिनसतात. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांची नोंद करून बारकोड लावणारी एक मुलगी आहे. कामाबद्दल एक तक्रार नाही. पण ती डबा घेऊन मागच्या कपाटांमध्ये एकटीच बसायची आणि बाकीच्या बायका म्हणायच्या, ‘काहून एवढी तोऱ्यात राहते ही?’ सुट्टीतल्या गप्पा, चार डब्यांचे चार वास आणि सगळ्यांचं एकाच वेळी बोलणं, हे तिला तीन तासांच्या कामापेक्षा जड जात होतं. तिची परवानगी घेऊन ग्रंथपालांनी सगळ्यांना दोन वाक्यांत सांगितलं: त्या अर्ध्या तासात तिला शांत बसावं लागतं तेव्हाच दुपारचं काम होतं, यात तुमच्याबद्दल काही नाही. एवढ्याने वातावरण बदललं. ब्रिटनमधले संशोधक डॅमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी 2012 मध्ये मांडलं की समजून घेण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते, एकट्या ऑटिस्टिक माणसाची नाही. माझं रोजचं काम बघता हे मला शंभर टक्के पटतं. आपण मुलाला वर्षानुवर्षं ‘लोकांशी कसं वागायचं’ शिकवतो, आणि लोकांना त्याच्याबद्दल पाच मिनिटंही सांगत नाही.

आता ‘कोणतं काम’. तुमच्या मुलाचं बी.कॉम. आणि आकड्यांवरचा हात वाया घालवू नका. धंतोली, रामदासपेठ भागातल्या सीए किंवा कर सल्लागाराच्या लहान ऑफिसात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली एंट्री, व्हाउचर लावणं, बँकेचं स्टेटमेंट जुळवणं हे त्याच्यासाठी मी सगळ्यात आधी बघेन. तिथे गडबड असते, पण ती आधीपासून ठाऊक असते: जीएसटीच्या विवरणपत्रांसाठी महिन्याची 11 आणि 20 तारीख, प्राप्तिकरासाठी जुलै, ऑडिटसाठी सप्टेंबर. ठाऊक असलेली गडबड कॅलेंडरवर लाल करून ठेवता येते आणि ती बहुतेक मुलांना झेपते. अचानक येणारी झेपत नाही. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत स्टोअर, पॅकिंग आणि माल तपासणीची कामं असतात. तिथे मशीनपासूनचं अंतर आणि पाळी बदलते का, हे दोन मुद्दे बघायचे. दर आठवड्याला पाळी बदलत असेल तर झोप बिघडते आणि झोपेपाठोपाठ सगळंच. रुग्णालयातला रेकॉर्ड विभाग, कागदपत्रं स्कॅन करण्याची कामं, छापखान्यातलं बाइंडिंग, रोपवाटिका या जागाही बघण्यासारख्या आहेत. ऑनलाइन मालाच्या मोठ्या गोदामांबद्दल मी जरा सावध असते. स्कॅनरची टीं टीं, घड्याळावरचं टार्गेट आणि मोसमाप्रमाणे बदलणारे तास यांत मुलं लवकर थकतात.

मिहानमधल्या आयटी कंपन्यांबद्दल पालक हमखास विचारतात. ऑटिझम म्हणजे कॉम्प्युटरची जादुई बुद्धी, हा समज चुकीचा आहे. काहींना त्यात खरंच गती असते, अनेकांना नसते. आणि ज्यांना असते त्यांच्यासाठीही मोकळ्या हॉलमध्ये रोज वेगळी खुर्ची मिळण्याची पद्धत त्रासाची ठरते. रोज तीच खुर्ची मिळेल का, हे तिथे विचारायलाच हवं.

जाण्यायेण्याचा विचार नोकरीचा भाग धरूनच करा. कोंबलेल्या ऑटोतून पाऊण तास आलेला मुलगा कामाला बसतो तोच थकलेला असतो. मेट्रो या मुलांना मानवते, स्टेशनं ठरलेली, घोषणा ठरलेली. ॲक्वा लाइन लोकमान्यनगरला संपते, तिथून हिंगणा एमआयडीसी जवळ. ऑरेंज लाइन खापरीपर्यंत जाते, तिथून मिहान. सीताबर्डीला गाडी बदलावी लागत असेल तर गर्दीची वेळ टाळून कामाचे तास ठेवता येतात का ते बघा. आधी सुट्टीच्या दिवशी त्याच्यासोबत जा, मग कामाच्या वेळेला, मग त्याला एकट्याला जाऊ द्या. पावसात गाडी अडकली तर ऑफिसला पाठवायचा मेसेज फोनमध्ये आधीच लिहून ठेवू द्या.

मुलाखतीत ही मुलं मार खातात. ‘स्वतःबद्दल काही सांगा’ या प्रश्नाला काय उत्तर अपेक्षित आहे तेच कळत नाही, नजर खाली जाते, आणि समोरचा ‘आत्मविश्वास नाही’ असं लिहून मोकळा होतो. खरं तर टॅली एंट्रीसाठी नजरेला नजर देण्याची गरज नसते. म्हणून मुलाखतीऐवजी काम करून दाखवायची संधी मागा. ही काही मेहरबानी मागणं नाही. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोन यांनी मुलाच्या ऑटिझमच्या निदानानंतर 2004 मध्ये ‘स्पेशलिस्टर्न’ ही कंपनी काढली, तिथे उमेदवारांना लेगोचे रोबो बनवायला देऊन त्यांचं कौशल्य बघितलं जायचं. जर्मन कंपनी सॅपने 2013 मध्ये ‘ऑटिझम ॲट वर्क’ सुरू केलं तेही निवडीची नेहमीची पद्धत बाजूला ठेवून. तुमच्या सीएला लेगो नको. मागच्या वर्षीची जुनी व्हाउचरं आणि दोन तास द्या म्हणावं. हे शक्य नसेल तर प्रश्न आदल्या दिवशी लेखी मागा. चाचणी चार-सहा दिवसांची ठीक. ‘शिकतोय तोवर पगार नाही’ असं महिनोन्महिने चालवू देऊ नका. काम घेतलं तर पगार द्यायचा, आणि तो मुलाच्या स्वतःच्या खात्यात.

कायद्याचं जेवढं तुम्हाला लागेल तेवढं सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये ऑटिझमचा समावेश 21 दिव्यांगत्वांत आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. त्यासाठी प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. जाहिरातीत ते पद या प्रवर्गासाठी निश्चित केलेलं आहे का, हे बघूनच अर्ज भरा. खासगी ठिकाणी आरक्षण नाही, पण कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि 2017 च्या नियमांनुसार 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांसाठीच्या सोयी, योग्य पदं आणि संपर्क अधिकारी यांचा उल्लेख लागतो. मोठ्या कंपनीत अर्ज करताना हे धोरण मागा. देताना त्यांचा सूर कसा असतो, त्यावरूनच पुष्कळ कळतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्रही नागपुरात आहे, तिथे रोजगाराच्या मार्गदर्शनाबद्दल विचारा.

एक सल्ला तुम्हाला नातेवाईक नक्की देतील: 18 पूर्ण झाली, आता राष्ट्रीय न्यास कायद्याखाली त्याचं पालकत्व घेऊन टाका. ज्यांना स्वतःचे निर्णय घेताच येत नाहीत त्यांच्यासाठी 1999 चा तो कायदा मोलाचा आहे. तुमचा मुलगा पदवी घेतो, बँकेत जातो, सही करतो. नेमणूकपत्रावर त्याचीच सही राहू द्या.

ऑटिझम आहे हे ऑफिसात सांगायचं का? हा निर्णय त्याचा, तुमचा नाही. माझं मत विचाराल तर गरज सांगावीच, नाव सांगणं ऐच्छिक. ‘मला काम लिहून दिलं की चुकत नाही. मध्येच थांबवलं तर पुन्हा सुरू करायला वेळ लागतो. गोंधळ वाढला तर मी दहा मिनिटं बाहेर जाऊन येतो.’ एवढी तीन वाक्यं एका कागदावर, त्याच्या शब्दांत, वरिष्ठांच्या हातात. आरक्षणातून किंवा धोरणातून नोकरी मिळत असेल तर नाव सांगितलेलंच असतं. तिथेही फक्त ज्यांना गरज आहे त्यांना कळावं, पूर्ण मजल्याला नव्हे.

ज्यांची मुलं बोलत नाहीत किंवा ज्यांना सतत सोबत लागते असे पालकही हे वाचत असतील. त्यांच्यासाठी जागा बघण्याची कसोटी हीच, फक्त सोबतीचा माणूस आधी ठरवायचा. संस्थांच्या कार्यशाळांमध्ये पणत्या, पाकिटं, मसाल्याचं पॅकिंग चालतं. तिथे गेल्यावर मी तयार माल बघत नाही. मुलांचे हात चालू आहेत की शिक्षिकेचे, ते बघते. एक मुलगी दिवसभरात दहा पाकिटं चिकटवते आणि अकरावं नको म्हणून हाताने दूर सारते, आणि तिचं ते ‘नको’ मानलं जातं, ती चांगली कार्यशाळा. दोन तास काम आणि मग झोका, हाही तिच्यासाठी भरलेला दिवस आहे.

किराणा दुकानाबद्दल मी स्पष्टच सांगते, त्याच्यासाठी ते टाकू नका. उधारी मागणारे शेजारी, सुटे पैसे, भाव करणारी गिऱ्हाइकं, वेळी-अवेळी वाजणारी बेल. इतवारीत ज्याने तो थकला तेच तुम्ही घरात आणाल, आणि घर ही त्याची शांत बसायची एकच जागा आहे. शिवाय मालक तुम्ही व्हाल. आईने दिवसभर साहेब व्हायचं आणि रात्री परत आई, हे दोघांनाही जड जातं. घरूनच काम करायचं असेल तर दोन-तीन छोट्या दुकानदारांची टॅली एंट्री घरी आणून करणं त्यापेक्षा कितीतरी बरं.

सुरुवात चार तासांपासून करा, दोन महिने तरी. कामावरून आल्यावर तो न बोलता खोलीत गेला तर मागे जाऊन ‘कसा गेला दिवस’ विचारू नका. दिवसभर नीट वागण्याचा जो ताण धरलेला असतो तो तेव्हा उतरतो. संध्याकाळी क्लास, पाहुणे, लग्नं यांना पहिले काही महिने रजा द्या. त्याची झोप, जेवण आणि आवडीच्या गोष्टीत तो किती रमतो, या तीनांवर नजर ठेवा. मेट्रोचे नकाशे काढणारा मुलगा नकाशे काढायचा थांबला, तर ऑफिसात काहीतरी बिघडलं आहे, तो सांगत नसला तरी. तेव्हा लगेच नोकरी सोडायला लावू नका. काम सांगणारा माणूस बदलला का, टेबल हललं का, कूलर सुरू झाला का, हे आधी विचारा. यातलं काही दुरुस्त होत नसेल तर नोकरी जरूर सोडावी, पण यावेळी जायचं बंद करून नाही. राजीनाम्याच्या दोन ओळी, शेवटची तारीख आणि अनुभवपत्राची मागणी त्याच्याकडून आजच लिहून घेऊन फाइलला लावून ठेवा, म्हणजे थकलेल्या दिवशी त्याला शब्द शोधावे लागणार नाहीत.